घाटावरचा सत्तर लिटर समुद्र

आमच्या घरात समुद्र आहे असं सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग बघायला येतात. दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच, काचेचा. कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या घरात, पुढच्या खोलीत, आईच्या कॉटसमोर. आत दोन क्लाउनफिश, गोबी नावाचा एक छोटा मासा, चार शंखातले खेकडे आणि दरवेळी मोजायला गेलं की वेगळाच आकडा येणाऱ्या गोगलगाई. जानेवारी २०१९ पासून चालू आहे.

माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, त्यामुळे मापं घ्यायचा आणि लिहून ठेवायचा कंटाळा नाही. हे आधीच सांगतो, कारण या नादाला पैशापेक्षा ती सवय जास्त लागते. गोड्या पाण्याचा टँक अंदाजपंचे चालून जातो. खाऱ्याचा चालत नाही, आणि छोटा तर मुळीच नाही. हजार लिटरमध्ये एक मासा मेला तर कळतही नाही, सत्तर लिटरमध्ये सकाळपर्यंत पाणी नासतं.

पहिला प्रयत्न मी २०१८ च्या सप्टेंबरात केला आणि तो वाया गेला. रत्नागिरीला काम होतं. गाडीत पाच कॅन टाकले, आंबा घाट उतरलो, काम उरकलं आणि भाट्याच्या किनाऱ्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कॅन भरले. समुद्राचं पाणी ते समुद्राचंच, त्यात आणखी काय बघायचं? शेजारी काजळी नदी समुद्राला मिळते आणि पावसाळा अजून संपलेला नाही, म्हणजे आपण भरतोय त्यात नदीचा वाटा बराच आहे, हे डोक्यातच आलं नाही. कॅन चार दिवस झाकण लावून ठेवले. उघडले तर नासक्या अंड्याचा वास. पाण्यातले बारीक जीव मरतात, कुजताना ऑक्सिजन संपवतात आणि मग समुद्रातल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू तो वास सोडतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी ते पाणी टँकमध्ये ओतून त्याच संध्याकाळी तीन मासे सोडले. दोन दिवसांत तिन्ही गेले. आई कॉटवरनं म्हणाली, "खायचं न्हाईत असलं मासं आणायचं, आन् तेबी मारायचं. कशापायी रं?"

तेव्हा पहिलं सांगणं हेच. घाट उतरून पाणी आणू नका. समुद्र घरी बनवायचा.

पण त्याच्याही आधी काय पाळायचं ते ठरवा. इंटरनेटवर दिसतात तसे रंगीबेरंगी प्रवाळांचे टँक डोक्यातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे येतात. समुद्रघोडेही त्यातच. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. "आपल्याकडे मिळतंय की, घेऊन जावा" असं कुणी म्हणालं तर हात जोडायचे. मेलेल्या प्रवाळाचे पांढरे दगडही नकोत. ॲनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव. त्याच्याशिवाय क्लाउनफिश जगत नाही हा गैरसमज आहे, माझे बिनॲनिमोनचे खुशाल आहेत. ॲनिमोनला जोरदार प्रकाश आणि वर्षभर मुरलेला टँक लागतो, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. निळी सर्जन मासोळी सगळ्या पोरांना हवी असते, पण ती फूटभर वाढते. दोन फुटांच्या टँकमध्ये तिला ठेवणं म्हणजे घोडा बाथरूममध्ये बांधणं.

राहिले काय? क्लाउनफिशची एक जोडी, एक छोटा गोबी, साफसफाईला खेकडे-गोगलगाई. सत्तर लिटरला एवढंच पुरे.

टँक आणि घोडा

माझा टँक २४ × १५ × १५ इंचांचा, ८ मिलिमीटर काचेचा. काठोकाठ भरला तर ८८ लिटर, पण वर दोन इंच सोडून, दगड-वाळूची जागा वजा करून पाणी उरतं सत्तर लिटरच्या आसपास. वजनाचा हिशेब आधी करा. पाणी ७२ किलो, काच २० किलो, दगड आणि वाळू मिळून १५-२० किलो. म्हणजे एक धिप्पाड माणूस चोवीस तास एकाच जागी उभा. जुन्या घराच्या लाकडी माडीवर हे ठेवू नका. आमचा खाली, शहाबादी फरशीवर आहे. खिडकीसमोरही नको, उन्हानं पाणी तापतं आणि शेवाळ धरतं.

घोडा, म्हणजे टँकखालचा स्टँड, मी दीड इंची चौकोनी पाइपचा स्वतः वेल्डिंग करून घेतला. तुम्हाला उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेटरकडे करून मिळेल. फक्त रंग साधा मारू नका, इपॉक्सी मारा, दोन हात. खाऱ्या पाण्याचा एक थेंब सांध्यात बसला की वर्षभरात पापुद्रे निघतात. वर १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, त्यावर पातळ फोम, मग टँक. स्पिरिट लेव्हल चारी बाजूंनी लावा. नंतर साध्या नळाच्या पाण्यानं भरून दोन दिवस तसाच ठेवा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. गळती असेल तर ती तेव्हाच कळलेली बरी.

पाणी

इथं घाई करू नका, कारण खरं काम हेच.

नळाचं पाणी थेट चालत नाही. क्लोरिन उडवता येतो, पण फॉस्फेट, सिलिकेट, नायट्रेट उडत नाहीत आणि त्यांच्यावर शेवाळ माजतं. शिवाय खाऱ्या टँकमध्ये रोज उडालेलं पाणी भरावं लागतं, त्यामुळे नळाच्या पाण्यातला सगळा गाळ साठत जातो. म्हणून आरओ. पण घरातल्या पिण्याच्या आरओत एक गोम आहे. पाणी चवीला बरं लागावं म्हणून त्यात थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात, आणि त्यासाठी आत एक छोटा स्क्रू असतो. टीडीएस ॲडजस्टर म्हणतात त्याला; टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. माझ्या मशीनचं पाणी मीटरवर ४५ दाखवायचं. सर्व्हिसच्या पोराला सांगून तो स्क्रू पूर्ण बंद केला, तर १२ वर आलं. पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं जोडलं, तेव्हा मीटर शून्यावर बसला. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो आधी घ्या. विकतच्या वीस लिटरच्या जारचं पाणी वापरणार असाल तर प्रत्येक जार मोजून घ्या.

आणि तांब्याच्या हंड्यातलं पाणी चुकूनही नको. आमच्याकडे पिण्याचं पाणी तांब्याच्या घागरीत असतं, घरोघरी असतं. माणसाला चांगलं असेल, पण खेकडे-गोगलगाईंना तांब्याचा अंशसुद्धा विष आहे. पितळी नळ, तांब्याची तार, काही काही पाण्याला लागू द्यायचं नाही. बादल्या खाण्याच्या दर्जाच्या प्लॅस्टिकच्या आणि त्या फक्त टँकसाठी. आमच्या बादलीवर पोरीनं मार्करनं लिहून ठेवलंय : "मासे. फरशी पुसायची नाही."

आता मीठ. स्वयंपाकाचं मीठ टाकून समुद्र होत नाही. एक लिटर समुद्रात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपल्या जेवणातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड सत्तावीस ग्रॅमच्या घरात. बाकीत सल्फेट, सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम, ०.४ ग्रॅम कॅल्शियम, थोडं पोटॅशियम, बायकार्बोनेट. खडेमीठ समुद्राचंच असतं, मग ते का नको, असं मलाही वाटायचं. मिठागरात आधी सोडियम क्लोराइडचे खडे धरतात आणि मॅग्नेशियम असलेलं उरलेलं पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्याला हवं ते तिथंच राहतं. ॲक्वेरियमसाठी बनवलेलं मरीन सॉल्टच आणा. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, पुडक्यावर लिहिलेलं असतं. सत्तर लिटरला अडीच-पावणेतीन किलो.

मिसळताना बादलीत आधी पाणी, त्यात चालू पंप, मग मीठ थोडं थोडं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम फुटून तळाला पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. चोवीस तास पंप चालू ठेवा. मासे असलेल्या टँकमध्ये कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही.

खारेपणा मोजायला तरंगता काटा मिळतो. त्याला बुडबुडे चिकटतात आणि तो खोटं बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं आणि मधली रेघ ३५ वर हवी. घनतेच्या आकड्यात १.०२६ च्या जवळपास.

पण ते यंत्र बरोबर आहे हे कशावरून? सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की शुद्ध पाण्यावर शून्य लावा. वर्कशॉपमधला कोणीही सांगेल, शून्याला बरोबर दाखवणारं माप पस्तिसाला बरोबर असेलच असं नाही. ज्या आकड्याला मोजायचं, त्याच आकड्याला माप तपासायचं. त्याची सोपी युक्ती आहे आणि आपलं रोजचं मीठ कामाला येतं ते फक्त इथंच. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी, म्हणजे बरोबर एक किलो द्रावण. प्रकाश वाकवण्यात हे पाणी ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार असलेल्या समुद्राइतकंच. रिफ्रॅक्टोमीटरनं ३५ दाखवलं पाहिजे, नाहीतर स्क्रू फिरवून आणायचं.

पाणी दुकानाच्या काट्यावर मोजलं. मीठ मात्र अर्ध्या ग्रॅमपर्यंत नीट हवं होतं, म्हणून पुडी खिशात घालून गुजरीत ओळखीच्या सराफाकडे गेलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं काचेच्या पेटीतला काटा उघडला, बटर पेपर ठेवून शून्य केलं आणि विचारलं, "काय आहे?" म्हटलं, मीठ. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग चिमटीनं एकेक कण टाकत ३६.५० वर आणून दिलं, पुडी बांधली, सोन्याची बांधतात तशीच, लाल कागदात. "पावती करू का?" म्हणाला. माझा रिफ्रॅक्टोमीटर दोन पीपीटी कमी दाखवत होता. म्हणजे मी ३५ समजून ३७ चं पाणी तयार करत होतो.

दगड, वाळू

दगड शोभेला नसतात. त्यांच्या भोकाभोकांत जे जीवाणू बसतात तेच टँकचं मैलाशुद्धीकरण केंद्र. त्यामुळे दगड सच्छिद्र हवा. आपला काळा पाषाण निरुपद्रवी आहे, पण भरीव, त्यावर जीवाणूंना जागा कमी. जांभा दिसायला झकास, भोकंही भरपूर, म्हणून मी पन्हाळ्याच्या बाजूनं एक तुकडा आणून बादलीत भिजत घातला होता. तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं. लोखंडानं भरलेला दगड तो, टँकमध्ये नको. शेवटी सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे घेतले आणि त्यांच्यापुढे दिसायला दोन काळे दगड लावले. पांढऱ्या सिमेंटचे दगड घरी ओततात काही जण. चालतात, पण ते कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवावे लागतात, नाहीतर पीएच आभाळाला जातो. दगड आधी काचेवर टेकवा, मग वाळू घाला. उलटं केलं तर मासे वाळू उकरतात आणि ढीग ढासळतो.

वाळू नदीची नको, अरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) घ्या, इंच-दीड इंच थर.

यंत्रं

पाणी हलतं राहिलं पाहिजे. मागं अडकवायचा एक फिल्टर आणि एक वेव्हमेकर म्हणजे पाण्यात प्रवाह करणारा पंप, दोन्ही मिळून तासाला टँकच्या दहा ते वीस पट पाणी फिरवतील इतपत. सत्तर लिटरला सातशे ते चौदाशे. प्रवाहाचं तोंड थोडं वर करा म्हणजे पृष्ठभाग खळखळतो आणि ऑक्सिजन मिसळतो. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं कमी मावतो.

प्रोटीन स्किमर घ्यावा का, हे सगळे विचारतात. स्किमर म्हणजे काय ते कोल्हापूरकराला समजवायला लागू नये. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना भेंडीचं पाणी टाकतात आणि वर आलेली मळी झाऱ्यानं काढतात. स्किमर तेच करतो, आचेऐवजी हवेच्या बारीक बुडबुड्यांनी. घाण बुडबुड्याला चिकटून वर येते आणि कपात जमते. मोठ्या टँकला हवाच. सत्तर लिटरला दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर नको. मी घेतला नाही, पैसे वाचले, आवाजही वाचला.

हीटर १०० वॅटचा. डिसेंबरात पहाटे इथं चांगलीच थंडी पडते. पाणी २५ ते २७ अंशांत राहिलं पाहिजे. एप्रिल-मे मध्ये उलटा प्रश्न. त्यासाठी पाण्यावर झोत येईल असा छोटा पंखा बसवा, दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी मात्र दुपटीनं उडतं. वर काचेचं झाकण न ठेवता जाळी ठेवा. हवा लागते, आणि गोबी उडी मारून बाहेर पडत नाही. दिवा साधा पांढरा एलईडी, दिवसाला सात-आठ तास.

वायरींचा एक नियम : प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खाली पडेल, बोर्डात जाणार नाही. खारं पाणी वीज उत्तम नेतं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर टँकआधी ती बसवा.

मासे नसलेला महिना

सगळं भरून, खारेपणा ३५ वर, तापमान २६ वर. आता मासे आणायचे? नाही. चार ते सहा आठवडे रिकाम्या टँककडे बघत बसायचं. घरच्यांची चेष्टा सोसायची.

माशांच्या शरीरातून अमोनिया निघतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जीवाणू दगडावर बसायला वेळ लागतो आणि त्यांना आधी खायला घालावं लागतं. एक रस्ता : सोललेली कोळंबी जाळीच्या कापडात बांधून टँकमध्ये सोडायची आणि सडू द्यायची. होतं काम, पण तिसऱ्या दिवशी आईनं कॉट आतल्या खोलीत हलवायला लावली. दुसरा रस्ता नवसागराचा. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याकडे असतो तोच, पण त्याच्याकडचा घेऊ नका, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. सत्तर लिटरला २ पीपीएम (दशलक्ष भागांत दोन भाग) अमोनिया आणायला ०.४४ ग्रॅम पुरतो. हो, परत गुजरी. या वेळी सराफानं काही विचारलं नाही.

मग अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट आणून दिवसाआड मोजा, वहीत लिहा. माझ्या वहीत अमोनिया बाराव्या दिवशी उतरायला लागला. नायट्राइट मात्र चढला तो उतरायचं नाव घेईना, तीन आठवडे एकाच रंगात नळी. हाच टप्पा माणसाचा धीर घालवतो. दगड-वाळूवर तपकिरी थर धरतो, तो पुसत बसू नका, आपोआप जातो. नवसागराचा डोस टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की टँक तयार. मला सदतीस दिवस लागले. त्यानंतर निम्मं पाणी बदललं म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरतं.

पाहुणे

क्लाउनफिश घेताना टँकमध्ये वाढवलेलेच मागा. दुकानात त्यांना निमो म्हणतात. भारतात यांची पैदास जमलेली आहे, केरळात विळिंजमला सीएमएफआरआयच्या, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात ती झाली. त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण उरत नाही. पैदाशीतले मासे दाणे खायला शिकलेले असतात आणि टँकमध्ये टिकतात. एक थोडा मोठा, एक लहान असे दोन घ्या. ही सगळी पिल्लं आधी नर असतात. जो मोठा आणि दांडगा तो पुढे मादी होतो. आमच्याकडे दोन वर्षांनी ते स्पष्ट दिसायला लागलं.

माझे मासे रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या पेटीतून आले. पहाटे कावळा नाक्यावर जाऊन घेतले. असे तासन्‌तास पिशवीत राहिलेले मासे उघड्या पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत ठेवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष होतो. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, तापमान जुळू द्यायचं. विकणाऱ्याला आधीच फोन करून त्याच्याकडचा खारेपणा विचारायचा, नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या आपल्या टबात तेवढाच ठेवायचा. मग उघडून मासा जाळीनं लगेच आत, पिशवीतलं पाणी मोरीत.

गावातल्याच दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या खेकडे-गोगलगाईंना मात्र हळूहळू सवय लावा. त्याला मेडिकलमध्ये मिळणारा सलाईनचा सेट उत्तम. एक टोक टँकमध्ये, एक खालच्या डब्यात, चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब. तासाभरात डब्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की आत सोडा. खेकड्यांसाठी थोडे मोठे रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर घरासाठी ते गोगलगाई मारतात.

टब म्हणालो तो क्वारंटाइनचा. चाळीस लिटरचा प्लॅस्टिक टब, हीटर, छोटा फिल्टर, एक पाइपचा तुकडा लपायला. नवा मासा चार आठवडे तिथं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टँकमध्ये शिरला तर औषध घालता येत नाही, कारण औषधात तांबं आणि आत खेकडे.

रेघ

काचेवर पाण्याच्या पातळीला मी मार्करनं रेघ मारलीय. पाणी उडतं, मीठ उडत नाही. टँकमध्ये २,४५० ग्रॅम क्षार आहेत. आठवड्यात सात लिटर पाणी उडालं आणि भरलंच नाही, तर तेवढेच क्षार त्रेसष्ट लिटरमध्ये, म्हणजे ३५ चे जवळजवळ ३९. म्हणून रोज सकाळी रेघेपर्यंत भरायचं, आणि भरायचं ते बिनमिठाचं आरओ.

बिनमिठाचं हे मी घरात नीट सांगितलं नव्हतं. एका मे महिन्यात लग्नासाठी आठ दिवस बाहेर होतो. पोरगी रोज न चुकता लिटरभर पाणी घालत होती, मिठाचं कालवलेल्या बादलीतलं. "पप्पा, समुद्राला समुद्राचंच घालणार ना?" तिचं तर्कशास्त्र माझ्या भाट्याच्या कॅनपेक्षा बरंच होतं. रोज ३५ ग्रॅम, आठ दिवसांत २८० ग्रॅम. आलो तेव्हा मीटरवर ३९. मासे कोपऱ्यात, दोन गोगलगाई उताण्या. रोज थोडं खारं काढून तेवढंच गोडं घालत तीन दिवसांत ३५ वर आणलं. आता दोन कॅनांना दोन रंगांची झाकणं आहेत. निळं रोजचं, लाल आठवड्याचं.

आठवड्याचं म्हणजे दर रविवारी सात लिटर पाणी बदलणं. सात लिटरला अडीचशे ग्रॅम मीठ, शनिवारी रात्री कालवून ठेवायचं. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बारीक दाणे, अधूनमधून कोळंबी-तिसऱ्या बारीक चिरून. आई चिरते, आणि जास्तीचं घालू नकोस म्हटलं तरी घालते.

वीज गेली तर फिल्टरची चिंता नंतर, आधी ऑक्सिजनची. सेलवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचे नळ बंद पडले, शिरोलीजवळ महामार्गही बंद. आमची वीज दीड दिवस नव्हती. इन्व्हर्टर संपला, सेल संपले, मग पाळी लावून स्टीलच्या तांब्यानं पाणी उचलून वरून परत ओतत बसलो. मासे उपाशी ठेवले, त्यांना चार दिवसांची उपासमार सोसते. पाणी बदलायला मात्र घरात थेंब नव्हता.

तेव्हापासून जुलै लागला की निळ्या झाकणाचे दोन कॅन आणि लाल झाकणाचा एक, वीस-वीस लिटरचे, आईच्या कॉटखाली जातात. ती दरवर्षी पाय आपटून विचारते, "किती दिस ऱ्हानार हे हितं?"

"पंचगंगा उतरंपातूर."